‘तिचं लक्ष नव्हतं’ म्हणण्याआधी



मार्च महिना आला की गावोगावी ८ मार्चची तयारी सुरू होते. त्याच्या चार दिवस आधी, ४ मार्चला, आणखी एक दिवस असतो. तो म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा दिन. ४ मार्च १९६६ ला राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली, म्हणून हा दिवस पाळतात. मोठ्या कंपन्यांच्या फाटकावर बॅनर लागतो आणि कामगार रांगेत उभे राहून शपथ घेतात. पण सकाळी सातला फाट्यावर उभं राहून ठेकेदाराच्या टेम्पोत चढणाऱ्या आपल्या बायकांना ना तो बॅनर दिसतो, ना ती शपथ कानावर पडते. आजचं बोलणं त्यांच्यासाठी आहे, आणि त्या कामावर गेल्यावर ज्यांचा जीव घरी टांगणीला असतो, त्या सासू-सुनांसाठीही.

तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या कार्यक्रमात हेल्मेटच्या गोष्टी कशाला? सांगतो. आम्ही समन्वयक महिन्याच्या महिन्याला गटांच्या वह्या बघतो. हप्ता थकला की त्यामागचं कारण विचारतो. मुलीचं लग्न, नवऱ्याचं आजारपण, पावसाने गेलेलं पीक ही कारणं तर असतातच. पण बांधकामावर आणि एमआयडीसीत जाणाऱ्या बायका जशा वाढल्या, तसं आणखी एक कारण वारंवार येऊ लागलं. स्लॅबवरून पडली, बोट मशीनमध्ये गेलं, विटांचा ढीग पायावर आला. हात मोडला की तीन महिने मजुरी बंद. मग गटाचं कर्ज, त्यावर फायनान्सवाल्याचं कर्ज. म्हणजे ही गोष्ट बचतीचीच आहे.

अपघात झाला की गावात दोनच वाक्यं ऐकू येतात. एक, ‘नशीब तिचं.’ दुसरं, ‘तिचं लक्ष नव्हतं.’ ठेकेदार दुसरं वाक्य म्हणतो, कारण ते त्याच्या सोयीचं असतं. पण आपणही तेच म्हणतो. आज आम्हाला एवढंच सांगायचं आहे की तिचं लक्ष कुठं होतं, हा प्रश्न पहिला विचारू नका. पहिला प्रश्न असा विचारा: तिथं काय असायला हवं होतं आणि काय नव्हतं? कठडा नव्हता का? मशीनवर जाळी नव्हती का? माणूस आहे, दिवसभरात एकदा तरी लक्ष चुकणारच. लक्ष चुकलं तरी जीव जाऊ नये, म्हणून तर कठडा असतो.

आणि हे ‘असायला हवं होतं’ आम्ही मनाने म्हणत नाही. ते कायद्यात लिहिलेलं आहे. कारखान्यांसाठी १९४८ चा कायदा आला, बांधकाम मजुरांसाठी १९९६ चा. आता हे सगळं २०२० च्या संहितेत एकत्र घेतलं आहे. कायद्याची नावं बदलतात, पण धोके तेच आहेत. चला, एकेक जागा डोळ्यासमोर आणू.

आधी बांधकाम. तिथं चढायला आणि उंचावर उभं राहायला जो बांबूंचा सांगाडा बांधतात, त्याला आपण पहाड किंवा परांची म्हणतो. नेहमी दिसतं काय? पायाखाली एकच फळी, तीही न बांधलेली. दोऱ्या कुजलेल्या. बाहेरच्या बाजूला हाताला धरायला आडवा बांबू नाही. डोक्यावर घमेलं घेऊन बाई त्या एका फळीवरून जाते. तिचा एक हात घमेल्याला असतो, दुसऱ्या हाताने धरायला काही नसतं. फळी हलली तर ती काय करणार? पहाडावर फळ्या जोडून-जोडून घट्ट बांधलेल्या हव्यात आणि कडेला कठडा हवा. वरून पडण्याइतकी उंची असेल तिथं कमरपट्टा, म्हणजे सेफ्टी बेल्ट, हवा आणि त्याचा दोर भक्कम जागी अडकवलेला हवा. नुसता कमरेला बांधलेला पट्टा हा दागिनाच, त्याने जीव वाचत नाही.

दुसरी जागा म्हणजे उघडी भोकं. लिफ्टचा खड्डा, पाइपांची डक्ट, जिन्याची मोकळी कड, पाण्याची टाकी. यांवर बहुतेक वेळा प्लायवूडचा एखादा तुकडा टाकलेला असतो. वरून पाहणाऱ्याला ती जमीन वाटते, आणि पाय पडला की तुकड्यासकट माणूस खाली. भोक झाकायचं तर खिळे मारून झाकायचं, नाहीतर चारी बाजूंनी अडसर लावायचा. दोन खिळे आणि चार बांबू, एवढाच खर्च आहे.

तिसरी जागा चर. पाइपलाइनसाठी, पायासाठी चर खणतात आणि खणलेली माती काठावरच टाकतात. पावसाळ्यात ती माती आणि काठ दोन्ही आत येतात. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच एवढ्या मातीचं वजन साधारण दीड टन भरतं. छातीवर एवढं ओझं आल्यावर माणसाला ओरडताही येत नाही. दीड मीटरहून खोल चरात उतरायचं असेल, तर बाजूंना टेकू किंवा उतार हवा, काठापासून माती लांब हवी आणि बाहेर यायला शिडी हवी. आत उतरण्याआधी वर बघा. काठाला भेग दिसली तर उतरू नका.

काठ आणि भिंत यांचा विषय निघाला म्हणून पुण्याच्या कोंढव्याची आठवण करून देतो. २९ जून २०१९ च्या रात्री तिथं एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली. पंधरा माणसं गेली. त्यात लहान मुलंही होती. ते काम करत नव्हते, झोपले होते. मजुरांना राहायला कुठं जागा दिली आहे, हाही कामाच्या सुरक्षेचाच प्रश्न आहे. पावसाळ्यात उंच भिंतीच्या किंवा खणलेल्या खड्ड्याच्या कडेला झोपडी टाकायला सांगितली, तर नको म्हणा.

आता ओझ्याचं बघू, कारण बांधकामावर बाई म्हणजे ओझं वाहणारी, असंच धरलेलं असतं. बांधकामाच्या नियमात प्रौढ बाईने एकटीने उचलायच्या वजनाची मर्यादा ३० किलो आहे. ३० किलो म्हणजे किती? भाजकी वीट साधारण तीन किलोची असते. म्हणजे दहा विटा झाल्या की मर्यादा संपली. सिमेंटची गोणी ५० किलोची. ती बाईच्या डोक्यावर देणं हा सरळ सरळ नियमभंग आहे. पण रोज हजारो गोण्या अशाच चढतात आणि कुणालाही त्यात वावगं दिसत नाही. मुकादम म्हणतो, ‘ती सवयीची आहे.’ सवय डोक्याला होते, मणक्याला होत नाही. चाळिशीत कंबर धरून बसणाऱ्या बाया आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांना विचारा.

विजेचं थोडक्यात सांगतो. प्लग नाही म्हणून वायरीची उघडी टोकं काडीने सॉकेटमध्ये खोचलेली, आणि तीच वायर पाणी मारलेल्या स्लॅबवरून गेलेली, हे दृश्य तुम्ही पाहिलं असेल. ओले पाय आणि उघडी वायर यांची गाठ पडू द्यायची नाही. कुणाला शॉक लागला तर तिला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने वायर बाजूला सारा.

आणि हेल्मेट. साहेब येणार असले की वाटतात, साहेब गेले की गोळा करतात. बायका म्हणतात, अंबाड्यावर ते बसत नाही. खरं आहे. अंबाडा खाली मानेवर घाला किंवा वेणी ठेवा, आतला पट्टा सैल-घट्ट करा, हनुवटीखालचा पट्टा लावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट माणसाच्या आधी खाली पडतं.

आता कारखान्यात येऊ. मळणी यंत्रात पदर जाऊन किंवा कडबाकुट्टीत हात जाऊन काय होतं, हे खेड्यातल्या बाईला वेगळं सांगायला नको. कारखान्यातली मशीनही तीच जात, फक्त वेग जास्त. फिरणारा पट्टा, पुली, दाते यांवर जाळी किंवा झाकण असायलाच हवं, हा कारखाना कायद्यातला जुना नियम आहे. ही जाळी सफाईसाठी काढतात आणि परत लावायला वेळ जातो म्हणून कोपऱ्यात टाकून देतात. चालू मशीनचे फिरते भाग पुसणं, त्यांना तेल घालणं ही कामं बाईला द्यायचीच नाहीत, असं १९४८ च्या कायद्यात लिहिलेलं होतं. आजही मशीन बंद केल्याशिवाय फडकं हातात घ्यायचं नाही, हे कुठल्याही कामगाराने पाळावं. सैल ओढणी, पदर, हातातल्या बांगड्या मशीनपासून लांब. एप्रन मागून, गाठ आत खोचून बांधा. हातमोज्यांचंही एक लक्षात ठेवा. धारदार पत्रा उचलताना ते हवेत, पण फिरत्या ड्रिलजवळ तेच मोजे बोटांना आत ओढतात.

पत्र्याचे सुटे भाग दाबून काढणारी मशीन असते, तिला प्रेस म्हणतात. चांगल्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबली तरच ती खाली येते, म्हणजे हात आत राहूच शकत नाही. पण दोन बटणं दाबायची तर माल कमी निघतो. म्हणून एक बटण चिकटपट्टीने किंवा काडी खोचून कायमचं दाबून ठेवतात, म्हणजे दुसरा हात माल सरकवायला मोकळा. तो मोकळा झालेला हातच आत जातो. एका गटातल्या ताईची दोन बोटं अशीच गेली. सुपरवायझर म्हणाला, ‘घाई करत होती.’ खरंच करत होती. पण तासाला किती नग काढायचे, हा आकडा तिने ठरवला नव्हता, आणि त्या बटणावर चिकटपट्टीही तिने लावली नव्हती.

दोन आगी आपण विसरता कामा नये. ७ जून २०२१ ला मुळशी तालुक्यात पिरंगुटजवळच्या एका रसायनाच्या कंपनीत आग लागली. सतरा कामगार जळून गेले, त्यात पंधरा महिला होत्या. आग पसरली आणि त्यांना बाहेर पडता आलं नाही. मग ८ डिसेंबर २०२३ ला पिंपरी-चिंचवडमध्ये तळवड्याला वाढदिवसाच्या केकवर लावतात त्या फुलबाज्यांच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या शेडमध्ये स्फोट होऊन आग लागली. त्यातही गेल्या त्या बहुतेक बायकाच. पॅकिंगचं काम हलकं, बसून करायचं, म्हणून आपण त्याला सुरक्षित समजतो. पण पेट घेणारा माल, प्लॅस्टिक आणि पुठ्ठ्याचे ढीग एकाच खोलीत, आणि बाहेर जायला एकच वाट असेल, तर ते काम स्लॅबइतकंच धोक्याचं असतं. नव्या कामावर गेलात की पहिल्या दिवशी दुसरं दार शोधा. ते उघडतं का, त्याच्यासमोर माल रचला आहे का, बाहेरून कुलूप आहे का, बघा. आत माणसं असताना दाराला कुलूप असता कामा नये. आणि पाण्याच्या बाटलीत भरलेलं, नाव न लिहिलेलं कुठलंही रसायन हातात घेऊ नका.

धूळ लगेच मारत नाही म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. खडी क्रशरवर, दगड कापताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसात बसते. त्या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. टीबी समजून बरेचदा त्यावर वर्षानुवर्षं भलतेच उपचार होतात. दगडावर पाणी मारून काम केलं तर धूळ बरीच कमी होते. तोंडाला बांधलेला पदर ही बारीक धूळ अडवत नाही. डॉक्टरकडे गेलात तर आधी सांगा की आम्ही क्रशरवर काम करतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अपघात झाल्यावर पहिल्या तासाभरात काय होतं? ठेकेदार स्वतःच्या गाडीतून बाईला दवाखान्यात नेतो, आणि वाटेत सांगतो, ‘ताई, घरी पडले म्हणून सांगा, नाहीतर पोलीस केस होईल, उपचाराला उशीर लागेल. खर्चाचं मी बघतो.’ दुखण्यात बाई हो म्हणते. पहिल्या पट्टीचे पैसे तो देतोही. मग फोन उचलत नाही. आणि दवाखान्याच्या कागदावर ‘घरी पडली’ असं कायमचं लिहिलेलं राहतं. तेव्हा हे घरच्या प्रत्येकाला सांगून ठेवा. दवाखान्यात खरं कारण आणि कामाची जागा सांगायची, आणि कागदावर तसंच लिहिलं आहे का, हे वाचून बघायचं. रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा. बोट तुटलं असेल तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात घालू नका.

भरपाईचा कायदा १९२३ पासून आहे. आता तो हक्क सामाजिक सुरक्षेच्या संहितेत आहे. कामावर आणि कामामुळे दुखापत झाली तर भरपाई द्यावी लागते. बाई ठेकेदाराची असली, तरी ज्याचं काम चालू होतं त्या मूळ मालकाकडेही ती मागता येते. दावा दोन वर्षांच्या आत करायचा. आणि नीट ऐका, ‘तिचं लक्ष नव्हतं’ एवढ्या कारणाने हा हक्क जात नाही. दारू पिऊन काम केलं, किंवा जाणूनबुजून सुरक्षेची वस्तू काढून टाकली, अशी कारणं असतील तर मालक हरकत घेऊ शकतो, आणि मृत्यू झाला असेल तर तीही हरकत चालत नाही. म्हणजे गावात आपण जे वाक्य सहज बोलतो, ते कायदासुद्धा पुरेसं मानत नाही. दहा किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात, पगार २१ हजारांपर्यंत असेल, तर ईएसआयचं कार्ड मागा. पगारातून पैसे कापतात आणि कार्ड देत नाहीत, असं होऊ देऊ नका.

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी केली आहे. भांड्यांचा संच मिळाला म्हणून सगळ्यांना मंडळ माहीत झालं. वय १८ ते ६०, आणि वर्षात ९० दिवस बांधकामाचं काम, एवढी अट आहे. तो दाखला ठेकेदार देत नसेल तर ग्रामसेवकाकडे जा, एजंटाकडे नको. पण भांडी घरात आणि सुरक्षा संचातलं हेल्मेट, बूट पेटीत, असं करू नका. आणि मंडळाने संच दिला म्हणून ठेकेदाराची जबाबदारी संपत नाही, हेही त्याला सांगा.

आता तुम्ही म्हणाल, सांगणाऱ्याचं काय जातं? बोललं की उद्यापासून टेम्पोत जागा नाही. ठेकेदार बाहेरचा नसतो, आपल्याच भावकीतला, नाहीतर गावचाच असतो. हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच आम्ही कुणा एकीला पुढे हो म्हणत नाही. गट त्यासाठीच तर आहे.

तेव्हा गटात चार कामं करू. पहिलं, गटाच्या वहीत एक पान कामाचं ठेवा. कोण कुठल्या जागी जाते, ठेकेदाराचं नाव, फोन, मूळ मालक कोण, रोज किती. साइटवरच्या बोर्डाचा फोटो मोबाइलवर काढून ठेवा. हजेरीवर नाव नसेल, तर हे पान आणि हा फोटोच उद्या साक्ष देईल. दुसरं, मागायचं ते एकेक मागा, आणि सगळ्या मिळून मागा. ‘दादा, डक्टवर फळी खिळवून द्या, मग आम्ही वर माल चढवतो’, असं शांतपणे पाचजणी म्हणाल्या तर भांडण होत नाही, आणि दुपारपर्यंत फळी लागते. तिसरं, सांगूनही झालं नाही तर ग्रामसंघाच्या लेटरहेडवर अर्ज करा. बांधकामाचं असेल तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयाकडे, कारखान्याचं असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे. अर्जावर पोच घ्या. चौथं, एखादीला दुखापत झाली तर त्याच दिवशी गटातल्या दोघींनी दवाखान्यात जायचं. फळं घेऊन जा, पण कागद वाचून या.

या महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर दहा मिनिटं काढा. प्रत्येकीने आपल्या कामाच्या जागी असायला हवी पण नाही, अशी एक वस्तू सांगायची, आणि ती वहीत लिहायची. पुढच्या बैठकीत विचारायचं, आली का?

उद्या कामावर जाताना आधी वर बघा, मग पायाखाली बघा, आणि शेजारणीलाही बघायला सांगा.